उलट्या कार्डांचे कपाट

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. पण कपाट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येते, ते मी नव्हे. माझ्यात कपडे मावत नाहीत, भांडी मावत नाहीत, आणि एकदा एका मांजरीने प्रयत्न करून पाहिला तेव्हा तीही मावली नाही. मी लहान लहान खणांचे कपाट आहे. माझा प्रत्येक खण हातभर खोल आहे आणि वीतभरही रुंद नाही. त्यात जाड कागदाची कार्डे एकामागे एक उभी राहत, आणि त्या कार्डांवर एका गावाची आठवण लिहिलेली असे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'कपाट' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही मी 'उभा आहे', 'राहिलो' असे बोलणार आहे; कारण ज्या सुताराने मला घडवले त्याने शेवटचा हात फिरवून माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो म्हणाला, "झाला गडी तयार!" जन्मदात्याने दिलेले लिंग व्याकरणाने काढून घेऊ नये, असे माझे मत आहे.

माझे लाकूड शाळेतल्या मोडीत काढलेल्या बाकांचे. ते विकत घेतले स्थानिक इतिहास मंडळाने. या मंडळाच्या दोन खोल्या औषधांच्या दुकानावर होत्या, त्यामुळे आमच्याकडे इतिहासाला नेहमी खोकल्याच्या औषधाचा वास येई. मंडळाचे चिटणीस हे निवृत्त मोजणीदार होते. आयुष्यभर त्यांनी शेते, आवारे आणि हद्दी मोजल्या होत्या. जमीन मोजणाऱ्या माणसाला एक खोड लागते: एका बाजूने मोजून झाले की तो दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजतो, आणि दोन्ही मापे जुळली नाहीत तर तो कोणाचेच ऐकत नाही. मोजणीदारांनी ही खोड इतिहासात आणली. माझे सगळे भाग्य आणि सगळे दुर्भाग्य तिच्यातूनच निघाले.

माझे आराखडे घेऊन ते सुतारासमोर बसले, तो प्रसंग मला आठवतो. तेव्हा मी केवळ फळ्यांचा ढीग होतो; पण लाकूड ऐकत असते.

"काका, एवढुसे खण?" सुतार म्हणाला. "कबुतरं पाळणार काय?"

"नाही. अफवा पाळणार."

"मग खालून सळई तरी घालू द्या. कार्डाला भोक पाडायचं, सळई ओवायची. कुणी कार्ड पळवणार नाही."

"सळई नको."

"अहो, सगळीकडे असते!"

"सगळीकडची कार्डं पायावर उभी राहतात. माझी काही कार्डं डोक्यावर उभी राहणार आहेत."

सुताराने त्यांच्याकडे, मग आराखड्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहिले. "माप तुमचं, लाकूड तुमचं," तो म्हणाला, "आणि डोकंही तुमचंच." मला सळई बसली नाही.

आता ही डोक्यावर उभी राहण्याची भानगड समजावून सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. गावातले कोणी काही सांगे, की या वळणावर पूर्वी विहीर होती, की अमुक दुकान अमक्याच्या आज्याने फसवून घेतले. मोजणीदार ते कार्डावर लिहीत. कार्डाच्या माथ्यावर विषय, खाली हकिकत, तिच्याखाली सांगणाऱ्याची ओळख. मग ते कार्ड खणात उलटे ठेवत, म्हणजे माथा खाली आणि पाय वर. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली, किंवा तसा कागद सापडला, की मगच ते कार्ड सरळ होई. सरळ झाले हीच त्याची नोंद; नव्या साक्षीदाराचे नाव ते कार्डावर लिहीत नसत. घरचा साक्षीदार अर्धा आणि ऐकीव साक्षीदार शून्य, असा त्यांचा हिशेब होता. तोवर कार्ड डोक्यावर. "कोर्टात उलटतपासणी माणसांची होते," ते म्हणत, "आमच्याकडे कार्डांची होते. उलटं उभं करून."

त्यामुळे माझा कोणताही खण उघडला, की विषयांच्या ओळीत मध्ये मध्ये कोरी पांढरी कड दिसे. परगावच्या एका विद्वानांनी मला पाहिले, माझी तोंड भरून स्तुती केली आणि शेवटी विचारले, "एवढी कोरी कार्डं मध्ये का ठेवली आहेत?"

"ती कोरी नाहीत," मोजणीदार म्हणाले. "लाजलेली आहेत."

विद्वान हसले आणि निघून गेले. त्यांनी अर्थ विचारला नाही आणि यांनी सांगितला नाही. मित्रांनो, हे असेच चालू राहिले. उलट्या कार्डांचा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. मोजणीदारांचा युक्तिवाद असा, की लिहिलेला नियम लोक न समजता पाळतात. विचारून घेतलेला समजून पाळतात. म्हणून ज्याला गरज आहे त्याने विचारावे. युक्तिवाद देखणा आहे. त्यातली उणीव एवढीच, की आपल्याला गरज आहे हे कळायलाही आधी काहीतरी माहीत असावे लागते.

माझी ती वर्षे सुखाची होती. नळ दुरुस्त करणारा यायचा आणि रस्त्याखालून जुनी नळवाट कुठून जाते ते माझ्यातून शोधून काढायचा. एका आजीबाईंना त्यांच्या बालपणीच्या गल्लीचे जुने नाव हवे होते. ते सापडले तेव्हा त्या माझा खण धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. एखादे कार्ड सरळ झाले, की मोजणीदार खिडकीतून खाली औषधवाल्याला ओरडून सांगत, "एक उठलं हो!" आणि औषधवाला खालून विचारी, "पेशंट की अफवा?"

आणि एके दिवशी मावशी आल्या.

त्या शिवणकाम करत. गावातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर त्यांची टीप होती, म्हणून सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांचे आजोबा दिवाबत्तीवाले होते. रस्त्यांवर विजेचे दिवे नव्हते तेव्हा संध्याकाळी खांद्यावर शिडी घेऊन फिरायचे आणि एकेक कंदील पेटवायचा, हे त्यांचे काम. त्या काळात एकदा कापडबाजार जळाला. आग कशाने लागली ते कोणी पाहिले नव्हते. पण आग म्हटली की ज्याच्या हातात काकडा असतो त्याच्याकडे बोट जाते. लोकांनी त्यांना 'आगलाव्या' म्हणायला सुरुवात केली. हा शब्द तुम्हाला माहीत आहे. दोन माणसांत भांडण लावून देणाऱ्याला तो वापरतात. पण इथे त्याचा सरळ अर्थही चिकटला, आणि दोन्ही अर्थांनी मिळून त्या घराचा पिच्छा पुरवला. शाळेत मावशींनी दिवा शब्द उच्चारला तरी मुली म्हणत, "तुझ्या आजोबांनी काय दिवे लावले ते माहितीय आम्हाला!" आजोबांची नोकरी गेली. पुढे ते गेले. शब्द राहिला.

"तुमच्याकडे आमच्या आजोबांचं काय लिहून ठेवलंय, ते बघायचंय मला," मावशी दारातूनच म्हणाल्या. हातात मोजपट्टी तशीच होती.

मोजणीदारांनी खण ओढला आणि एक पांढरी कड वर उचलली. कार्डावर लिहिले होते, की दिवाबत्तीवाल्याने पेटता काकडा दुकानाच्या ओट्यावर विसरून ठेवला आणि त्याने आग लागली. सांगणारा: एका दुकानदाराचा जावई, ज्याने ते सासऱ्याकडून ऐकले होते.

मावशींनी ते वाचले. त्यांचा चेहरा उतरला. मग त्या म्हणाल्या, "हे उलटं का ठेवलं होतं?"

"कारण हे सिद्ध नाही. सिद्ध होईपर्यंत ते डोक्यावर उभं राहणार."

"आणि कधीच नाही झालं तर?"

"तर कायमचं डोक्यावर."

मावशींना हसू फुटले. "म्हणजे इतकी वर्षं आमच्या घराला शिक्षा होती, आणि इथे तुम्ही बातमीलाच अंगठे धरून उभं केलंय!"

"अंगठे नाहीत, शीर्षासन," मोजणीदार म्हणाले. त्यांना अचूकतेचा मोह कधीच आवरला नाही.

त्यानंतर मावशी अधूनमधून येत. कधी मोजणीदारांच्या सदऱ्याचे बटण लावून देण्याचे निमित्त, कधी तेही नाही. खण उघडायचा, ती पांढरी कड जागेवर आहे हे पाहायचे आणि जायचे. सगळ्या गावात एवढ्या एका लाकडी चौकटीत त्यांच्या आजोबांना संशयाचा फायदा मिळत होता. माझ्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे काम तेच होते, असे मला आजही वाटते.

मग संगणक आला.

तुम्ही म्हणाल, जुने कपाट नव्या यंत्रावर जळणारच. हा आक्षेप मी तपासून पाहिला आहे आणि तो टिकत नाही. जे शोधायला मोजणीदारांची सबंध सकाळ जाई, ते यंत्र चुटकीसरशी देते. माझ्यावर वाळवी येऊ शकते, माझ्या शेजारी नळ फुटू शकतो. घराबाहेर न पडणाऱ्या माणसालाही यंत्र घरी इतिहास नेऊन देते. मी जिना उतरू शकत नाही. हे सगळे मला मान्य आहे. माझे दुःख यंत्र आले याचे नाही. ते निवडताना काय विचारले गेले आणि काय विचारायचे राहिले, याचे आहे.

मंडळाची सभा माझ्यासमोरच झाली. अध्यक्ष दंतवैद्य होते. हौशी, दिलदार आणि घाईचा माणूस. सभेपुढे दोन सॉफ्टवेअर होती. पहिले अगदीच रुक्ष, करड्या पडद्याचे. प्रत्येक नोंदीला ते विचारी: हे कोणी सांगितले, कधी सांगितले, आणि कितपत विश्वासार्ह आहे? उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नसे. दुसरे देखणे होते. त्यात नकाशे होते, छायाचित्रे होती, घराण्यांच्या वंशावळी फांद्यांसारख्या पसरत होत्या, आणि एक कळ दाबली की चौकात लावायच्या फलकाचा मजकूर आपोआप तयार होत होता. ते दाखवायला कंपनीचा विक्रेता स्वतः आला होता.

मोजणीदारांनी सगळे शांतपणे पाहिले. मग विचारले, "यात 'बहुधा' कुठे लिहायचं?"

"म्हणजे, काका?"

"म्हणजे एखादी गोष्ट बहुधा घडली असेल, पण नक्की नाही. ती कुठे जाते?"

विक्रेता हसला. "आपल्या सिस्टीममध्ये सगळं पक्कंच जातं, काका."

"पक्कं जातं, की गेल्यावर पक्कं होतं?"

"आता यात फरक काय?" अध्यक्ष मध्येच म्हणाले. "काका, तुम्ही जन्मभर फिरून फिरून तेच मोजणार. अहो, कवळी पेल्यात ठेवली म्हणून दात मजबूत होत नाहीत. ती तोंडात घालावी लागते, तेव्हा माणूस जेवतो. आपला इतिहास या कपाटात भिजत पडलाय. बाहेर काढा त्याला!"

"आणि कवळी चुकीच्या मापाची निघाली तर?"

"सवय होते हो!"

सभा खो खो हसली. एका विनोदाने जे प्रश्न निकालात निघतात ते खरे म्हणजे तसेच राहतात. परंतु हसून झाल्यावर त्यांच्याकडे परत जाण्याचा संकोच वाटतो. हात वर झाले. देखणे सॉफ्टवेअर निवडले गेले.

मोजणीदार उठले. "माझी पद्धत ज्याला हवी असेल त्याने येऊन विचारावी," ते म्हणाले, किल्ल्या माझ्या माथ्यावर ठेवल्या आणि जिना उतरून गेले. अध्यक्षांना वाटले, म्हातारा रुसला आहे, राग निवळला की येईल. मोजणीदारांना वाटले, अडले की हे लोक दार ठोठावतील. दोघेही आपापल्या जागी स्वाभिमानाने वाट पाहत बसले, आणि दोघांच्या मध्ये मी होतो, ज्याला बोलता येत नव्हते.

कार्डे यंत्रात भरण्याचे काम टंकलेखिका ताईंकडे आले. त्यांच्याविषयी वाईट शब्द मी ऐकून घेणार नाही. कचेरीत त्यांनी वर्षानुवर्षे टंकलेखन केले होते, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदावर एक काना कमी नसे. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी धूळ पुसली, कडा कोरड्या फडक्याने घासल्या आणि पहिला खण बाहेर काढून टेबलावर ठेवला. आत डोकावून त्यांनी जीभ चावली.

"अगं बाई, किती ही अव्यवस्था! घाईघाईत कुणी उलटीसुलटी कोंबलीत कोण जाणे."

आणि त्यांनी कार्डे सरळ केली. एकूणएक. खणातली सगळी बाहेर काढायची, माथे एका बाजूला करायचे, टेबलावर ठोकून कडा जुळवायच्या, रबराने बांधायच्या, मग एकेक वाचून टंकायचे. इतके नीटनेटके काम मी पाहिले नव्हते. जे कार्ड सरळ व्हायला दोन साक्षीदार लागत, ते आता दोन बोटांत सरळ होत होते.

मित्रांनो, लाकडाला ओरडता येत नाही. फार तर फुगता येते. मी ज्या खणात दिवाबत्तीवाल्याचे कार्ड होते तो खण घट्ट आवळून धरला. ताईंनी तो दोनदा ओढला, मग घरून मेणबत्तीचा तुकडा आणला, कडेला प्रेमाने मेण चोळले, आणि खण लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

त्या कार्डापाशी त्या थोड्या थांबल्या. यंत्राला आडनाव हवे होते. आडनावाच्या चौकटीशेजारी लाल तारा होता, म्हणजे ती रिकामी ठेवली तर नोंद जतनच होत नसे. कार्डावर दिवाबत्तीवाल्याचे पाळण्यातले नाव होते, आडनाव नव्हते. कोपऱ्यात बारीक अक्षरात मात्र होते: 'लोक याला आगलाव्या म्हणत.' ताईंनी टंकायला हात उचलला आणि खाली घेतला.

"गेलेल्या माणसाला अरेतुरे कसं करायचं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि त्यांनी आदराने लिहिले: आगलावे.

पाहा, आपल्या भाषेची ही केवढी गंमत आणि केवढी क्रूरता! शिवीला आदरार्थी बहुवचन लावले आणि तिचे आडनाव झाले. ज्याने तो शब्द प्रथम फेकला, त्यालाही हे साधले नव्हते.

फलक तयार व्हायला वेळ लागला नाही. कापडबाजाराच्या तोंडाशी, स्वच्छ काचेखाली, सुरेख अक्षरांत तो लागला. एका वाक्यात म्हटले होते की हा बाजार दिवाबत्ती कामगार श्री. आगलावे यांच्या निष्काळजीपणामुळे जळाला. मंडळाची सर्वत्र वाहवा झाली. तीच माहिती शाळांना गेली, इंटरनेटवर गेली, आणि जिथे गेली तिथून आणखी कोणी कोणी उचलली.

मावशी तिथे दोरा आणायला गेल्या होत्या. दुकानदाराने रीळ बांधून देता देता फलकाकडे मान हलवली आणि म्हटले, "मावशी, हे तुमच्याकडचेच ना? नाव पण काय शोभतंय!" त्याने ते हसत हसत म्हटले. त्यात त्याला काही विशेष वाटले नाही.

त्या तिथून आमच्याकडे आल्या नाहीत. आधी मोजणीदारांच्या घरी गेल्या, त्यांना पायांत चपला घालायला लावल्या आणि हाताला धरून जिना चढवून आणले. किती दिवसांनी मी त्यांना पाहत होतो! खोलीत अध्यक्ष होते, ताई होत्या. मावशींनी कोणाशी न बोलता खण ओढला. आत रबराने बांधलेला गठ्ठा होता. सगळे माथे वर. एकही पांढरी कड नाही.

"सरळ कुणी केलं?" मोजणीदारांनी विचारले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

"मी," ताई म्हणाल्या. "का हो काका? उलटी पडली होती काही."

"पडली नव्हती. मी उभी केली होती."

मग त्यांनी नियम सांगितला. इतक्या वर्षांत प्रथमच, सगळ्यांसमोर, पूर्ण. ताई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाशी नेला.

"अहो, मग हे एका ओळीत लिहून का नाही ठेवलंत?" अध्यक्ष म्हणाले.

"आणि तुम्ही एका शब्दात विचारलं का नाहीत?"

"तुम्ही सभा सोडून गेलात!"

"सभा हसत होती!"

"ते राहू द्या आता," मावशी म्हणाल्या. "भांडण मागाहून करा, मी थांबते पाहिजे तर. आधी एवढं सांगा, आजोबांचं कार्ड उलटं होतं हे तुम्हा दोघांना पटलं ना?"

अध्यक्ष हळूहळू बोलू लागले. ते कठोर नव्हते, आणि म्हणूनच ते ऐकणे अवघड होते. "मावशी, मला पटतं हो. पण मी फलकावर बदल करायचा तर उद्या कुणीही येऊन म्हणेल, आमचंही उलटं होतं. पुरावा काय? तुम्ही तर घरच्याच. आणि काका आठवणीतून सांगतायत." ते मोजणीदारांकडे वळले. "काका, तुम्हीच सांगा. घरचा साक्षीदार किती?"

"अर्धा."

"आणि नुसत्या आठवणीवर तुम्ही एक तरी कार्ड कधी हलवलंत?"

मोजणीदारांच्याच गजाने त्यांनाच मोजले गेले होते, आणि गज बरोबर होता.

"'असे म्हणतात' एवढं जोडू का?" अध्यक्षांनी विचारले.

"'म्हणतात' लिहिलंत की न म्हणणारेही म्हणायला लागतील," मावशी म्हणाल्या.

"मग नोंदच काढून टाकतो. प्रश्नच मिटला."

यावर मात्र मावशींनी हातातली रिळाची पुडी सोडून पुन्हा बांधली. मोह मोठा होता. शेवटी त्यांनी मान हलवली. "नको. लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच काढलं. आणि जिथे जिथे गेलंय तिथून कुठे निघणार आहे? तुम्ही आडनाव तेवढं बदला. ते आमचं नाही."

एवढ्याला कोणाचीच हरकत नव्हती. ताईंनी घाईने यंत्र उघडले. आडनावाच्या चौकटीतला तो शब्द त्यांनी एकेक अक्षर करून पुसला, आणि मावशींनी सांगितलेले खरे आडनाव टंकू लागल्या. टंकता टंकता त्यांचे हात थांबले.

"मावशी," त्या हलकेच म्हणाल्या, "वाचून पाहा एकदा."

पडद्यावर आता असे उभे होते, की कापडबाजार ज्यांच्या निष्काळजीपणामुळे जळाला त्यांचे आडनाव हे. मावशींचे माहेरचे. ज्या आडनावाने त्यांचे भाऊ, भाचरे आणि भाचरांची पोरेबाळे गावात वावरत होती. आतापर्यंत निदान खोट्या नावाचा आडोसा होता. खरे नाव लिहिताच आरोप घरात येऊन बसला.

"जुनंच ठेवायचं का?" ताईंनी विचारले. "नाहीतर 'अज्ञात' लिहिते. चालेल त्याला."

मोजणीदार पुढे झाले. "मावशी, नका. राहू द्या ते. दोष माझा—"

"काका, थांबा जरा." मावशींनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली, कापड बेतण्याआधी दोनदा मोजावे तशी. "खोट्या नावासाठी कोण भांडणार? त्या आगलाव्याला ना मूल ना बाळ. त्याच्यावर काहीही लिहा, विचारायला कुणी यायचं नाही. खरं नाव असलं, तर आज ना उद्या आमच्यातलं कुणीतरी चिडेल आणि येऊन भांडेल. भांडण झालं तर शोध होईल. लिहा तुम्ही. आमचंच लिहा."

ताईंनी लिहिले. अध्यक्षांनी स्वतः त्याखाली एक शेरा घातला, की या नोंदीवर घरच्यांचा आक्षेप आहे. फलकावरचे नाव बदलले. पण शेरे फलकावर छापले जात नाहीत, ती सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पुढे कित्येक सकाळी मोजणीदार माझ्यासमोर स्टूल घेऊन बसत. गठ्ठा सोडत, एकेक कार्ड हातात घेत, उलटे करत, पुन्हा सरळ करत. "हे होतं का रे?" ते मला विचारत. मला प्रत्येक कार्ड आठवत होते. दिवाबत्तीवाल्याच्या कार्डासाठी आठवण देणारी दोन माणसे तरी होती. बाकीच्यांसाठी कोण होते? कोणाची विहीर, कोणाची फसवणूक, कोणाच्या घराण्याचा डाग, सगळे आता एकाच दिशेने, सारख्याच ताठ मानेने उभे होते, आणि खरे कोणते नि ऐकीव कोणते हे सांगणारी खूण जगात कुठेच उरली नव्हती. एके दिवशी मोजणीदारांनी गठ्ठा बांधला. "आठवणीवर नाही हलवायचं," ते म्हणाले, आणि मग आले नाहीत.

आता मी जिन्याखाली आहे. माझ्या खणांत विजेचे जास्तीचे दिवे, चिकटपट्ट्या आणि कुठल्यातरी कुलपांच्या किल्ल्या ठेवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रिकाम्या पोटी राहण्यापेक्षा हे बरे. तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. जुनी वस्तू हलवाल, जुनी वही नव्यात उतरवाल, आजोबांचे कपाट आवराल, तेव्हा जे विस्कटलेले वाटते ते आधी कोणाला तरी विचारा, आणि ज्याला ठाऊक आहे तो मानी असेल तर त्याचा मान ठेवून विचारा. आणि तुम्हालाच काही ठाऊक असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगून टाका.

ती नोंद अजून तशीच आहे. तिच्यावर भांडायला आजवर कोणीही आलेले नाही. तुमच्यापैकी कोणी ती ओळ वाचलीच, तर मान डोलावून पुढे जाऊ नका. "हे कोणी पाहिले होते?" असे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. मावशींना हल्ली नीट दिसत नाही. सुईत दोरा त्या शेजारणीकडून ओवून घेतात. तेव्हा मित्रांनो, जे भांडायचे ते जरा लवकर भांडा.